आईच्या मोबाईलवर ओटीपी आलाय

सुवर्ण विधानसौध ही आमच्या बेळगावातली सगळ्यात मोठी इमारत, आणि वर्षातले बहुतेक महिने सगळ्यात शांतही. ऑक्टोबर २०१२ मध्ये राष्ट्रपती प्रणव मुखर्जींनी तिचं उद्घाटन केलं. डिसेंबरात थंडी पडली की बेंगळूरहून सरकार येतं, हॉटेलं भरतात, कुंदा विकणारे खूश होतात, मराठी माणसांची एकीकरण समिती सीमाप्रश्नावरच्या महामेळाव्याला परवानगी मागते, पोलीस ती नाकारतात, आणि दहा-बारा दिवसांनी सरकार आल्या वाटेनं परत जातं. २०२४ च्या डिसेंबरात असंच अधिवेशन चालू होतं. आत आमदारांचा आवाज चढलेला होता, आणि तिथून हाकेच्या अंतरावर हलगा गावात १७ डिसेंबरला ग्रामपंचायतीनं भोंगा वाजवला.

रोज संध्याकाळी सातला भोंगा. तो झाला की घरोघर टीव्ही बंद, मोबाईल बंद. नऊपर्यंत. पोरांनी अभ्यास करायचा आणि मोठ्यांनी एकमेकांशी बोलायचं. ठरावातली ही दुसरी अट लोकांनी आधी नीट वाचली नसावी असा मला दाट संशय आहे. पंधरा-वीस वर्षं संसार झालेल्या जोडप्यावर रोज दोन तास बोलायची सक्ती हा मानवी हक्कांचा प्रश्न होऊ शकतो, पण ग्रामपंचायतीपुढे मांडायला कोण जाणार?

कल्पना मूळची हलग्याची नव्हे. सांगली जिल्ह्यातल्या अग्रण धुळगावचं बघून ती उचलली. त्याच्याही आधी, २०२२ च्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास, त्याच जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावात देवळावरून असाच भोंगा सुरू झाला होता आणि त्याची बातमी पार बीबीसीपर्यंत गेली होती. म्हणजे बघा, सीमाप्रश्न २००४ पासून सुप्रीम कोर्टात तारखा मोजत बसलाय, आणि एक भोंगा मुकाट्यानं महाराष्ट्रातून निघून कर्नाटकात आला. त्याला कोणी काळं फासलं नाही, एसटी अडवली नाही, बंद पुकारला नाही. दोन राज्यांत एवढ्या खेळीमेळीनं आलेली वस्तू उसाच्या ट्रॉलीनंतर हीच.

मला हा भोंगा आवडतो तो मात्र वेगळ्या कारणासाठी. तो कोणाला नाव विचारत नाही, वय विचारत नाही, आधार कार्डाची झेरॉक्स मागत नाही. कोणाच्या मोबाईलमध्ये काय आहे हे त्याला ठाऊक नाही आणि जाणून घ्यायची हौसही नाही. शिवाय पोरासाठी एक आणि बापासाठी एक असा तो वेगवेगळा वाजत नाही. उणिवा आहेत, नाही असं नाही. नऊला दहा कमी असताना घराघरांत जी चुळबूळ सुरू होते ती बघितली की रमजानमध्ये कॅम्पात इफ्तारची वाट बघणारे लोक जास्त संयमी वाटतात. आणि सात ते नऊ चांगलं वळण लावलेलं पोरगं नऊ ते बारा काय करतं, यावर भोंग्याचं काही म्हणणं नाही. तरी पोरांना मोबाईलपासून वाचवायचे जगात जेवढे उपाय निघालेत, त्यांत हा एकच असा आहे की ज्यात कोणाला कोणाच्या खिशात हात घालावा लागत नाही.

बाकीच्या जगाचं बघा. ऑस्ट्रेलियानं १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना सोशल मीडियावर खातं काढायला मनाई केली. कंपनीनं ढिलाई केली तर दंड चार कोटी पंच्याण्णव लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. आता सोळाच्या खालचं कोण हे ओळखायचं तर वरच्यांनाही तपासावं लागणार, हे ओघानं आलं. एका पोराला दारात अडवायचं तर सगळ्या वऱ्हाडाला रांगेत उभं करून तोंड बघायचं. ब्रिटननं हाच उद्योग जुलै २०२५ मध्ये सुरू केला. यंत्रासमोर चेहरा धरायचा, यंत्र वय सांगणार. तिथल्या मंडळींनी काय केलं, तर एका व्हिडिओ गेममधल्या दाढीवाल्या नायकाचा चेहरा यंत्राला दाखवला. यंत्रानं त्याला नीट न्याहाळलं आणि प्रौढ म्हणून आत सोडलं. जो माणूस जन्मालाच आला नाही, त्याला वय पडताळणीत पहिला नंबर.

हे यंत्र निपाणीत आणलं तर काय होईल याची मला काळजी वाटते. तंबाखूच्या रानात उन्हातान्हात उभा जन्म काढलेला चाळिशीचा माणूस त्याला साठीचा वाटणार, आणि अकरावीतलं पोरगं, ज्याच्या दाढीला आता छत्रपतींचा आकार आलाय, ते दोन मुलांचा बाप.

चेहऱ्याचं जाऊ दे, जन्मतारखेवर जाऊ या म्हणाल तर त्याहून अवघड. आमच्या भागात निम्म्या वडीलधाऱ्यांचा वाढदिवस १ जूनला असतो. शाळेत नाव घालायला पोराला घेऊन आजा गेला, मास्तरांनी जन्मतारीख विचारली, आजा म्हणाला, “थोरल्या पुराच्या आदल्या साली, जोंधळा काढायच्या वेळंला.” मास्तरांनी पोराकडे एक नजर टाकली आणि रजिस्टरात १ जून लिहून टाकला. त्याच तारखेवर पुढे आधार निघालं, पॅन निघालं, पेन्शन निघाली. आता त्याच आज्याचा नातू इन्स्टाग्रामवर खातं काढताना १ जानेवारी १९९० लिहितो. आज्याचं वय मास्तरांनी ठरवलं, नातवानं स्वतःचं स्वतः ठरवलं. घराण्याची प्रगती म्हणायची ती हीच.

आणि ओळखपत्रच द्या म्हणालात, तर त्या ओळखपत्राचं पुढं काय होतं? डिस्कॉर्ड नावाचं एक ठिकाण आहे, पोरं तिथं खेळाबद्दल गप्पा मारतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्या कंपनीनं जाहीर केलं की वयाची शहानिशा करण्यासाठी दिलेली सुमारे ७० हजार लोकांच्या ओळखपत्रांची छायाचित्रं चोरांच्या हाती लागली असावीत. जगभर हलकल्लोळ झाला. आमच्याकडे झाला नाही. ज्या गावात एखाद्या दिवशी भडंगाची पुडी उलगडली की आतून कोणाच्या तरी आधार कार्डाची झेरॉक्स निघते, आणि माणूस भडंग खाता खाता “हा तर अनगोळचा दिसतोय” म्हणतो, त्या गावाला माहिती फुटल्याचं काय नवल?

आपल्याकडचा कायदा म्हणाल, तर तो कागदावर उत्तम आहे. २०२३ मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले. पूर्ण अंमल टप्प्याटप्प्यानं, दीड वर्षाच्या मुदतीनं. अठराच्या आतलं ते मूल. त्याच्या पाळतीवर राहायचं नाही, त्याला हेरून जाहिराती दाखवायच्या नाहीत, आणि त्याची माहिती घ्यायची तर आधी पालकांची पडताळून घेता येईल अशी संमती पाहिजे. मोडलात तर २०० कोटींपर्यंत दंड. वाचताना ऊर भरून येतो. फक्त अठराची रेघ आमच्याकडे जरा चमत्कारिक वाटते. हंगामात संकेश्वरकडच्या कारखान्याला उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर कर्णा लावून हाकणारा सतरा वर्षांचा बहाद्दर घरी आला की नाचाचे व्हिडिओ बघायला बापाची संमती घेणार. ट्रॅक्टरला कोणाची घेतली होती ते विचारू नका.

आता ही संमती प्रत्यक्ष कशी मिळते ते मी डोळ्यांनी बघितलंय. शेजारचं घर. संध्याकाळची वेळ, वहिनी भाकरी थापत बसलेल्या. दोन्ही हात पिठात. नववीतला पोरगा उंबऱ्यात, हातात वहिनींचाच मोबाईल.

“आई, तुझ्या मोबाईलवर ओटीपी आलाय.”

“मग सांग की मला.”

“तुला कशाला सांगू? मलाच पाहिजे.”

“मग घे की बा. मला कशाला विचारूलैस?”

झाली संमती. पडताळून घेता येईल अशी, आणि मी साक्षीदार. भाकरी तेवढ्यात फुगली पण. कायद्याच्या कोणत्याही कलमाला बोट ठेवायला जागा नाही: फोन पालकाचा, नंबर पालकाचा, आधारला जोडलेला तोच, आणि “घे की” हे शब्दही पालकाचेच.

ओटीपीऐवजी अंगठा घ्या, अशी सूचना येईल. निपाणीच्या बायकांना विचारा. वर्षानुवर्षं विड्या वळून बोटांवरच्या रेषा इतक्या झिजतात की रेशन दुकानातलं यंत्र चार-चारदा अंगठा नाकारतं. पुसा, परत लावा, जोरात दाबा, उद्या या. तोच अंगठा घरच्या मोबाईललाही ओळखू येत नाही. म्हणून मोबाईल घेतला त्याच दिवशी सोय म्हणून लेकाचा अंगठा घालून ठेवलेला असतो. आईच्या मोबाईलला आईचा अंगठा चालत नाही, लेकाचा चालतो. म्हणजे पालक कोण आणि पाल्य कोण, हे मोबाईलच्या दृष्टीनं केव्हाच ठरलंय.

एकूण घरात या खात्याचं मंत्रिपद पोराकडेच असतं. बापाला पोराचा मोबाईल बंदिस्त करायचा असतो, तो सेटिंगमध्ये शिरतो, तिथं हरवतो आणि शेवटी पोरालाच हाक मारतो, “हे जरा लावून दे रे.” पोरगं लावून देतं. आपल्याच कोठडीला कुलूप लावून किल्ली जेलरच्या हातात देणारा असा आज्ञाधारक कैदी दुसऱ्या कोणत्या तुरुंगात सापडेल? पासवर्ड काय ठेवायचा, हेही पोरगंच सुचवतं. बापाला लक्षात राहावा म्हणून पोराचीच जन्मतारीख. खडेबाजारातल्या एका दुकानात मी एका गृहस्थांना मोठ्या गुप्तपणे पोराच्या मोबाईलवर नजर ठेवायचं ॲप टाकून घेताना बघितलं. ॲप टाकणारा मुलगा त्यांच्या चिरंजीवांच्या क्रिकेट टीमचा विकेटकीपर होता. गृहस्थ घरी पोचायच्या आत बातमी पोचली असणार.

आणि ज्या वाईट गोष्टींपासून पोराला वाचवायचं, त्या येतात कुठून? बाहेरून येतातच. पण बऱ्याच घरांत मोबाईल एकच असतो, बापाचा. दिवसभर बापानं जे बघितलं त्याच्याच जातीचं आणखी काहीतरी मोबाईल रात्री पोरापुढं वाढून ठेवतो. आता हाताळणारा दुसरा आहे हे त्या बिचाऱ्याला काय ठाऊक? कुटुंबाच्या ग्रुपवर सकाळी मामा गुलाबाच्या फुलासकट सुप्रभात म्हणतात आणि दुपारी हायवेवरच्या अपघाताचा व्हिडिओ टाकतात. वर लिहितात, “कमकुवत हृदयाच्या लोकांनी बघू नये.” पाचवीतली भाची तो आधी बघते, कारण तिचं हृदय चांगलं आहे. मामांच्यापासून संरक्षण देणारं ॲप कोणत्याही कंपनीनं काढलेलं नाही.

मोठ्यांचं तरी किती सांगावं! फेब्रुवारी २०१२ मध्ये, हे सुवर्णसौध व्हायच्या काही महिने आधी, बेंगळूरच्या विधानसौधात अधिवेशन चालू असताना मोबाईलवर अश्लील चित्रफीत बघितल्याच्या प्रकरणात तीन मंत्र्यांना राजीनामे द्यावे लागले. त्यांतले एक आमच्याच जिल्ह्यातले. खुलासा असा आला की रेव्ह पार्टीच्या विषयावर अभ्यास चालला होता. सात ते नऊ अभ्यास करणाऱ्या हलग्याच्या पोरांनी यातून काय बोध घ्यावा, मी सांगत नाही. त्यांतल्या दोघांचा खाजगीपणा टीव्हीच्या कॅमेऱ्यानं मागून भंग केला होता, हेही नोंदवून ठेवतो; कोणी त्या बाजूनं बोललंच नाही. मग डिसेंबर २०२२. सीमाभाग पेटलेला, हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगड पडलेले. दिल्लीत दोन्ही मुख्यमंत्र्यांना समोरासमोर बसवून गृहमंत्री अमित शहांनी सांगितलं की बड्या नेत्यांच्या नावानं काढलेल्या बनावट ट्विटर खात्यांनीही आगीत तेल ओतलं. म्हणजे आम्ही इकडं नववीतल्या पोराला समजावतोय की बाबा रे, नेटवर दिसतं ते सगळं खरं मानू नकोस, आणि तिकडं दोन राज्यं तेच ऐकायला दिल्लीला गेलेली.

वाईट शब्द गाळणारी चाळणी लावा, असंही काही सज्जन सुचवतात. त्यांना बेळगावची मराठी ठाऊक नाही. पु. ल. देशपांड्यांच्या ‘गणगोत’मधले रावसाहेब इथलेच. ज्यांच्या तोंडातला निम्मा मजकूर छापायच्या लायकीचा नसायचा आणि ज्यांच्याइतका मायेचा माणूस शोधून सापडला नसता, त्या रावसाहेबांना आजच्या कुठल्याही यंत्रानं पहिल्या वाक्याला कायमचं बंद केलं असतं. आमच्याकडे शिवी दिली म्हणजे जवळचा, आणि “या, बसा, काय घेणार?” म्हणाला म्हणजे काहीतरी बिनसलंय. तेही अर्धं मराठीत, अर्धं कन्नडमध्ये, शेपटाला एक ‘की’. कॅलिफोर्नियातल्या यंत्राला यातलं प्रेम कोणतं आणि धमकी कोणती, हे कोण शिकवणार? उलट जो अनोळखी माणूस एखाद्या मुलीला अगदी शुद्ध, गोड भाषेत “तू इतरांपेक्षा वेगळी आहेस” असं लिहून पाठवतो, तो या चाळणीतून अलगद खाली उतरतो. त्याच्या वाक्यात एकही वाईट शब्द नसतो.

बंदीवर तर सीमाभागाला कोणी व्याख्यान देऊ नये. कर्नाटक उच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२३ मध्ये एका सुनावणीत तोंडी विचारलं होतं की दारूला असते तशी सोशल मीडियालाही वयाची अट का नको, एकवीसची का असेना. विचार थोर आहे. पण २०२१ मध्ये कोगनोळी नाक्यावर कर्नाटकात शिरायला आरटीपीसीआरचा दाखला लागायचा, तेव्हा काय झालं? हायवेवर पोलीस, बॅरिकेड, तंबू, सगळा थाट. आणि कागलकडची माणसं मोटरसायकलवरून उसाच्या पाणंदीतून निपाणीला दळण नेल्यासारखी ये-जा करत होती. पाणंद माहीत असलेल्याला नाका कधी दिसतच नाही. ब्रिटनमध्ये वय पडताळणी सुरू झाल्याबरोबर लोकांनी धडाधड व्हीपीएन उतरवून घेतले. तो म्हणजे नेटवरची पाणंदच. आठवीतल्या पोराला ती ठाऊक असते, फक्त तिकडं दिवे नसतात आणि वाटेत कोण भेटेल ते सांगता येत नाही. उद्या दोन राज्यांनी दोन वयं ठरवली तर काय दृश्य दिसेल! निपाणीची पोरं संध्याकाळी सायकली काढून दूधगंगेच्या पुलापलीकडे जाणार, महाराष्ट्राच्या टॉवरखाली ओळीनं बसून रील बघणार आणि जेवायला परत कर्नाटकात.

हसण्यावारी न्यायचा भाग इथं संपतो, कारण धोका खोटा नाही. फोटो मागणारे आहेत, फोटो मिळाल्यावर पैसे मागणारे आहेत, खेळातून जुगारात ओढणारे आहेत. माझ्या ओळखीच्या एका मुलाला असंच कोणीतरी धमकावत होतं. कितीतरी दिवस तो गप्प. घरात उघडकीला आल्यावर सगळ्यांनी एकच विचारलं, “आधी का सांगितलं नाहीस?” तो म्हणाला, “मोबाईल काढून घेतला असता की.” त्याचा हिशेब अगदी बरोबर होता. घेतलाच असता. आमच्या घरांत चोरी झाली तर ज्याच्याकडे झाली त्यालाच आधी दोन ठेवून देतात, त्यातलाच प्रकार. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर आहे, पैशाच्या फसवणुकीला १९३०. पण नंबर फिरवायलाही मोबाईल लागतो, आणि तो जप्त होऊन कपाटात साड्यांच्या घडीखाली पडलेला.

मुलींचं प्रकरण आणखी निराळं. पोराचा मोबाईल तपासतात तो त्यानं काय बघितलं म्हणून, आणि पोरीचा तपासतात तो ती कोणाशी बोलते म्हणून. दोन्हीला नाव एकच, काळजी. दहावीतल्या पोरीला आपल्याच शरीराबद्दल एखादी साधी शंका असते. आई म्हणते, नंतर सांगते. शाळेत बाई तो धडा घरी वाचायला सांगतात. मग ती रात्री पांघरुणात मोबाईलला विचारते, आणि मोबाईल न ओरडता उत्तर देतो. तिच्या त्या प्रश्नावर पाळत बसली तर ती विचारायचं थांबेल, आणि मग मैत्रिणीची मावसबहीण जे सांगेल ते खरं. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं. खटला लढणारे के. एस. पुट्टस्वामी हे कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती. आधारच्या विरोधात ते कोर्टात गेले २०१२ मध्ये, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी. या एका माणसापुरती कर्नाटकाविरुद्ध माझी काहीही तक्रार नाही. तो हक्क सतरा वर्षांच्या पोरीलाही आहे की नाही, हे निकालपत्रात शोधायची गरज पडू नये. पण आमच्या गल्लीत पोस्टकार्ड आलं की पोस्टमनपासून सुरुवात करून चार घरं ते वाचून मगच मालकाला मिळायचं, त्या परंपरेत वाढलेल्या माणसांना हे पचायला वेळ लागणार.

शिवाय पोराचा खाजगीपणा पहिल्यांदा कोणी मोडला, हे बघायला गेलं तर फार लांब जावं लागत नाही. पाळण्यात घातल्याच्या संध्याकाळी बापाच्या स्टेटसवर. मग बारसं, जावळ, टबातली अंघोळ, शाळेचा पहिला दिवस, पडलेला दात, गणवेशावर शाळेचं नाव वाचता येईल असा. वर्गाच्या ग्रुपवर चाचणीचे गुण नावानिशी. आणि या सगळ्यावर कळस म्हणजे बॅनर. बेळगाव असो की निपाणी, चौकात एका वर्षाच्या बाळाचा दहा फुटी फोटो, काळा चष्मा घातलेला, हातात मोबाईल, खाली “युवा नेतृत्व”, त्याखाली गल्ली, घर आणि बापाचा नंबर. परदेशी कंपन्या एवढी माहिती मिळवायला कोट्यवधी खर्च करतात, आम्ही ती पदरचे पैसे घालून लोखंडी सांगाड्यावर टांगतो. वर कायदा म्हणतो मुलांच्या पाळतीवर राहू नका. बॅनरवरच्या मुलाच्या कोणी कशाला पाळतीवर राहील? ते चौकातच आहे.

यंदा आमच्या भागात एका मुलीनं मात्र गंमत केली. दहावीला चांगले गुण पडले. बापानं बॅनरची ऑर्डर दिली. ती म्हणाली, “पप्पा, माझा फोटो नको.” बाप म्हणाला, “मग बॅनर कशाचा गं?” ती म्हणाली, “ते तुम्ही बघा, माझा फोटो नको.” दोन दिवस घरात अबोला. भोंगा नसताना पण बंदच. शेवटी तह झाला. नाव नाही, शाळा नाही, फोटो नाही. गुण तेवढे घालायचे. पण आगाऊ दिलेले पैसे बॅनरवाला परत करीना, आणि शुभेच्छुक म्हणून ज्यांचे फोटो घेऊन ठेवले होते त्या पुढाऱ्यांना वगळायची कोणाची छाती? मग बॅनर लागला. वर एका राष्ट्रीय पक्षाचे तिघे, मधे समितीचे दोघे, कोपऱ्यात नगरसेवक, खाली गल्लीतले सगळे कार्यकर्ते गॉगलसकट, आणि बरोबर मधोमध मोठ्या अक्षरांत “हार्दिक अभिनंदन! ९४ टक्के.”

संध्याकाळपर्यंत नगरसेवकांच्या घरी लोक पेढे घेऊन जायला लागले होते. त्यांनीही घेतले की!